एक मीटर, दोन चुली

निगडवाडी तालुक्यातल्या लोकांच्या दारात उभं राहून संजीवनी कुंजीरने अकरा वर्षं पहिला प्रश्न एकच विचारला होता. "एका चुलीवर किती माणसं जेवता?"

सरकारी पाहणीची व्याख्याच तशी होती. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, मग ती माणसं एका छताखाली राहोत की तीन. त्यापुढचे प्रश्न कामाचे आणि पगाराचे. तिथे लोक जे सांगत त्यावर संजीवनीने आपला स्वतःचा हिशेब बसवला होता आणि तो कुठल्याही पुस्तिकेत छापलेला नव्हता. दुकानदार सांगेल त्याची दीडपट धरायची. घरात लग्नाची मुलगी असेल तर सांगितलेल्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा. नवरा समोर बसलेला असताना बाईने सांगितलेला पगार नवऱ्याच्या मनातला, आणि तो पाणी प्यायला आत गेला की सांगितलेला पगार खरा. जो म्हणतो, "आमचं काय, भागतंय," त्याचं भागत नसतं. पण त्याला रकाना नव्हता, म्हणून ती ते नुसतं लक्षात ठेवी.

तालुका धड गाव नव्हता आणि धड शहरही नव्हता. शहराच्या शेपटाला बांधल्यासारखा होता. उसाच्या जागी गोदामं आली होती, गोदामांच्या मागे कारखाने, आणि उरलेल्या जागेत दहा-दहा मजली सोसायट्या. त्यांच्या गच्चीवरून अजून एखाद्याची म्हैस दिसायची. अशा तालुक्यात कोण काय कमावतो हे कळणं अवघड. एकाच घरात बाप रखवालदार, मुलगा प्रोग्रामर आणि सून घरी बसून ब्लाउज शिवणारी. म्हणून तर संजीवनीसारख्या एक्केचाळीस बायका तालुकाभर पायपीट करत होत्या.

मग तरंग-मीटर आले.

ते काय करतात हे मीटर कंपनीच्या इंजिनिअरने प्रशिक्षणात सांगितलं, आणि संजीवनीला ते पटकन कळलं, कारण तिचाही धंदा तोच होता. घरातलं प्रत्येक यंत्र वीज आपापल्या लकबीने ओढतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एक मोठा घोट घेतो आणि मग संथ पीत राहतो. गिझर पायरीसारखा सरळ चढतो आणि तसाच सरळ उतरतो. मिक्सरच्या मोटरमधल्या ठिणग्या तारेत खरखर सोडतात, आणि मिक्सर जुना झाला की ती खरखर बदलते. पूर्वीचा मीटर महिन्याकाठी सगळ्यांची एक बेरीज सांगायचा. नवा मीटर सेकंदाला आठ हजार वेळा तारेची नाडी बघतो आणि त्या बेरजेतून एकेक यंत्र सोडवून वेगळं काढतो. लग्नाच्या मांडवात शंभर पोरं ओरडत असली तरी आईला आपलं नेमकं ऐकू येतं, तसं.

यंत्रं कळली की सवयी कळतात. पहाटे साडेपाचला इस्त्री फिरली आणि सव्वासहाला पंखा बंद झाला, म्हणजे माणूस पहिल्या पाळीला गेला. आठवडाभर इस्त्री नाही आणि दुपारी दोनला टीव्ही चालू, म्हणजे काम सुटलं. शिलाई मशीन रोजच्यापेक्षा तीन तास जास्त फिरू लागलं, म्हणजे घराला पैसे कमी पडताहेत. असे लाखभर मीटर एकमेकांशी ताडून पाहिले की कुठल्या घरात महिन्याला किती येतात हे यंत्र शेकडा सातच्या फरकाने सांगू शकतं.

"उत्पन्न लपवता येतं, सवय लपवता येत नाही," इंजिनिअर म्हणाला. हे वाक्य संजीवनी अकरा वर्षं फुकट म्हणत आली होती.

लोकांनी संमती कशी दिली, हे विचारायला नको. बिलात महिना चाळीस रुपये सूट होती. संमतीपत्र सतरा पानांचं होतं आणि 'मान्य' हे बटण पहिल्याच पानावर.

एक्केचाळीसपैकी अडतीस जणी घरी बसल्या. यंत्राचा अंदाज मधूनमधून प्रत्यक्ष घरी जाऊन ताडून बघायला तिघी ठेवल्या, घरामागे एकशेदहा रुपये. त्यात संजीवनी होती.

तिचं स्वतःचं घर म्हणजे एक बघण्यासारखी चीज होती. सासऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यात बांधलेला दुमजली बंगला. खाली थोरला बाळासाहेब आणि संजीवनी. मुलगी साताऱ्याला नर्सिंगच्या होस्टेलवर. वर धाकटा रोहिदास, त्याची बायको कीर्ती आणि दोन मुलं. कडेच्या पाच गुंठ्यांच्या विक्रीवरून सहा वर्षांपूर्वी भावांचं बोलणं तुटलं. जिना बाहेरून काढला, अंगणात भिंत घातली, गच्चीवरच्या टाकीतसुद्धा मधोमध फळी टाकली. वाटून झाला नाही तो फक्त विजेचा मीटर. मीटर मयत सासूच्या नावावर होता, आणि तो वेगळा करायचा तर दोघा भावांनी एका कागदावर सही करायला हवी होती. एका कागदावर भावाच्या नावाशेजारी आपलं नाव लिहायला सहा वर्षांत दोघांपैकी एकही तयार झाला नव्हता. बिल आलं की आतल्या छोट्या मीटरवरून हिस्सा काढायचा आणि खालच्या घराने आपले पैसे पाकिटात घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचे. चौथ्या पायरीवर ठेवले तर वर चढल्यासारखं झालं असतं.

बाळासाहेब पंपाच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथवर होता. नोव्हेंबरमध्ये कारखाना बंद झाला. पहिला महिना त्याने घरातले सगळे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या महिन्यात न बिघडलेले नळही उघडून पुन्हा बसवले. तिसऱ्या महिन्यात तो नुसता बसला. मुलीच्या फीचा दुसरा हप्ता मार्चअखेर भरायचा होता आणि तिने फोनवर तो विषय काढणं बंद केलं होतं. संजीवनीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तालुक्यात आता कामं 'रोजमेळ' नावाच्या कंपनीमार्फत मिळत. फोनवर नाव टाकायचं, काम काय येतं ते सांगायचं, आणि दोन मिनिटांत देकार येई: हा कारखाना, ही पाळी, हा पगार. मान्य की अमान्य. घासाघीस नाही. पगार दर तिमाहीला नव्याने ठरणार, आणि कुणाला सांगायचा नाही, अशी अट.

मार्चच्या पहिल्या सोमवारी बाळासाहेबाला देकार आला. एकतीस हजार.

"एकतीस!" तो उठून उभाच राहिला. "बघितलंस? जुन्या कारखान्यात सत्तावीस देत होते. अनुभवाला किंमत असते, संजे. बाजाराला कळतं."

तो पेढे घेऊन आला. गल्लीत वाटले. वर पाठवले नाहीत, पण जिन्याखाली उभं राहून शेजारच्या इंगळेकाकूंना इतक्या मोठ्याने आकडा सांगितला की वर न पाठवताही पोचला. पगार कुणाला सांगायचा नाही ही अट त्याने पहिल्याच दिवशी अशी मोडली. संजीवनीने त्याला अडवलं नाही. चार महिन्यांनी त्याचा आवाज घरात भरला होता.

पण ती हिशेबाची बाई. आकडा आवडला म्हणून तिने तो तपासायचा सोडला नाही. त्याच आठवड्यात तिच्या यादीत दत्तू साठेचं घर आलं.

दत्तू म्हणजे बाळासाहेबाच्या शेजारच्या लेथवरचा. बावीस वर्षं दोघांनी एकच डबा वाटून खाल्ला. दत्तू घरी नव्हता, त्याची बायको पुष्पा होती. खोलीत शर्टांच्या थप्प्या होत्या आणि ती शिलाई मशीनवरून उठलीही नाही.

"विचारा काय विचारायचं ते. हात चालू राहू दे माझे. नगाला चार रुपये आहेत."

"दत्तू भाऊजी लागले ना कामाला?"

"लागले की. तुमचे मालक आहेत तिथंच. तेच मशीन, तीच पाळी." पुष्पाने दोरा दाताने तोडला. "साडेसोळा हजार. कुणाला सांगू नका म्हणालेत, पण तुमच्यापासून काय लपवायचं? तुमचेही तेवढेच असतील."

संजीवनीने टॅबलेटकडे बघितलं. "हं," ती म्हणाली.

टॅबलेटवर साठ्यांच्या मीटरची पाहणी उघडली होती. पंखे दोन, जुना फ्रिज एक, शिलाई मशीन रोज अकरा तास. आणि सगळ्यात शेवटचा रकाना, ज्याच्याकडे ती आजवर फारसं बघत नसे: 'निकड : ८१'.

बाहेर येऊन ती रिकाम्या रिक्षाच्या सावलीत उभी राहिली आणि स्वतःच्या घराचा मीटर क्रमांक टाकला. स्वतःची नोंद बघायला मनाई होती, पण मनाईला कुलूप नव्हतं. एसी तीन. फ्रिज तीन. गिझर तीन. केकचा मोठा ओव्हन, पळायचं यंत्र, गाडीचा चार्जर. सदस्य सहा, बहुधा एक जण बेरोजगार. 'निकड : १४'.

तिला सगळं एकदम दिसलं. यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. बाजारात भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. संध्याकाळी ज्याची भाजी उरलीय त्याच्याकडून ती निम्म्या भावात मिळते. कारण त्याला विकून घरी जायचं असतं. पूर्वी मालकालाही कामगाराची गरज तोंडावरून ताडावी लागे आणि तो कधी चुकायचाही. आता ती मोजून मिळत होती. रोजमेळ मीटर कंपनीकडून निकड विकत घेत होतं आणि प्रत्येक माणसाला तो नाही म्हणू शकणार नाही असा सगळ्यात कमी पगार सांगत होतं. दत्तूची निकड एक्याऐंशी, म्हणून साडेसोळा. बाळासाहेब मीटरच्या लेखी सुखवस्तू घरातला माणूस. त्याला उठवायचं तर जास्त मोजायला हवेत, म्हणून एकतीस.

यंत्राला चूल दिसत नव्हती, तार दिसत होती.

तालुक्याचा तिमाही अहवाल त्याच सुमारास निघाला. बेरोजगारी साडेतीन टक्क्यांवर, आजवरची सगळ्यात कमी. ही ओळ ठळक होती. घरटी उत्पन्न बारा टक्क्यांनी खाली, ही तळटीप. नाही म्हणता येणारच नाही असा देकार आला की बेकार राहतो कोण?

संजीवनी घरी आली तर जिन्यात कीर्ती उभी. कीर्ती सहसा खालच्यांशी बोलत नसे. बोलायचीच वेळ आली तर हवेशी बोले आणि खालच्यांनी ते ऐकून घ्यायचं.

आज ती सरळ बोलली. "ताई, आमच्या ह्यांनी मीटर वेगळा करायचा फॉर्म आणलाय. ह्यांची सही झालीय. दादांची तेवढी घेऊन ठेवा."

"आत्ताच का आठवलं?"

"बँकेचं कर्ज काढतोय, दोन टेंपो घ्यायचेत. मीटरवर नुसतं आमचंच घर असलं तर व्याज अर्धा टक्का कमी बसतं. तुमच्या त्या पंख्या-फ्रिजमुळे आमची पत खाली येते म्हणे." ती गोड हसली. "तुमची नव्हे हो. मीटरची."

संजीवनीने फॉर्म घेतला आणि डाळीच्या डब्याखाली सरकवला. पण कीर्ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने बाळासाहेबालाही फाटकात गाठून सांगितलं. तो घरात आला तोच छाती काढून.

"कुठाय तो फॉर्म? आण. टाकतो सही. आता कुणाच्या वायरवर जगायची गरज नाही आपल्याला."

"जेवून घ्या आधी."

"सही करायला जेवायला कशाला लागतं?"

"पेन संपलंय," संजीवनी म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी याहून फुसकं खोटं बोलली नव्हती. तो हसला आणि जेवायला बसला.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, नवऱ्याला सांगायचं: सही करू नका, तुमच्या एकतीसातले साडेचौदा वरच्या मजल्याचे आहेत, मीटर तुटला की पुढच्या तिमाहीला तुम्ही साडेसोळा आणि मुलीचं होस्टेल बंद. पण मग तो परत त्या खुर्चीत जाऊन बसेल. किंवा त्याहून वाईट: मानीपणाने मुद्दाम सही करेल. तिने त्याला नीट ओळखलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो पाळीला गेल्यावर ती दुसऱ्या वाटेने गेली. म्हणजे अठरा पायऱ्या चढून वर.

कीर्ती केकवर क्रीम लावत होती. संजीवनीने सरळ सांगितलं. निकड, साडेसोळा, एकतीस, सगळं. जिच्याकडे मागायला जायचं तिला आपली गरज सांगायची नसते, हा धडा तिने आदल्याच दिवशी दत्तूच्या दारात घेतला होता. तरी तिने सांगितलं. माणूस आपल्या घरच्यांपुढे दरवेळी नव्याने शहाणपण विसरतो.

कीर्तीने ऐकून घेतलं. क्रीमचा सुरा पुसला.

"म्हणजे दादांचा पगार आमच्या एसीवर चाललाय."

"तसं म्हण."

"आणि मी परत फॉर्म पुढे केला तर दादा लगेच सही करणार."

"करतील. म्हणून तर आले. तू विषय काढू नकोस, एवढंच."

"पण ताई, माझं अर्ध्या टक्क्याचं नुकसान आहे. महिन्याला हजारभर धरा." कीर्तीने केक फिरवून दुसरी बाजू पुढे घेतली. "आमची स्वयंपाकीण सोडून गेली. नऊ हजार घेत होती. तुमचं पडताळणीचं काम काय, आठवड्यातून दोन दिवस. रोज दहा ते एक आलात तरी पुष्कळ. आमचं एक घर आहे असं यंत्र म्हणतंच आहे, तर चूलही एक होऊ दे ना."

संजीवनीने मनात वजाबाकी केली. साडेचौदा हजार वाचवायला नऊ हजारांचं काम फुकट. साडेपाच शिल्लक. आकडा शिलकीतला होता, म्हणून ती हो म्हणाली. कमरेत काहीतरी वाकलं, पण ते कुठल्या बाजूला मांडायचं हे तिला ठरवता आलं नाही.

पहिल्या आठवड्यात नुसत्या पोळ्या आणि भाजी होती. दुसऱ्यात भांडी आली, कारण "तुम्ही ओट्याशी उभ्या आहातच." एप्रिलमध्ये कीर्तीची आई महिनाभर राहायला आली आणि तिला पथ्याचं वेगळं लागायचं. मेमध्ये वर्षाचा मसाला झाला, सहा किलो मिरच्या. फॉर्म कीर्तीने परत मागून घेतला होता, आणि कर्ज लांबलंय असं बाळासाहेबाला सांगून टाकलं होतं. आता तो वरच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला असे, अगदी ओट्यासमोर. कीर्ती त्याच्याविषयी कधी एक शब्द बोलली नाही. फक्त संजीवनी एखाद्या कामाला "आज नको" म्हणाली की ती फ्रिज उघडून उगाच काहीतरी शोधत राही.

रोजमेळला माणसांना निकडीचा दर लावायला लाखभर मीटर लागले होते. कीर्तीला एक संजीवनी पुरली.

मेअखेर तिमाही संपली. एकतीसचे एकतीस कायम राहिले. मुलीची फी भरली गेली. बाळासाहेबाचे खांदे परत मूळ जागी आले. तो रोज संध्याकाळी म्हणे, "तू दमलेली दिसतेस. ते एकशेदहाचं काम सोड आता. मी आहे ना."

जूनच्या पहिल्या गुरुवारी कारखान्यात मुख्य पट्टा तुटला, आणि रोजमेळच्या माणसांना अर्धा दिवस कापून घरी सोडलं. बाळासाहेब बाराला फाटकात आला. घराला कुलूप. तो किल्ली शोधत होता तेवढ्यात वरून आवाज आला.

"ताई, भाकरी पातळ थापा जरा. ह्यांना जाड चालत नाही, किती वेळा सांगायचं?"

तो अठरा पायऱ्या चढला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

रोहिदास ताटावर बसला होता, घास हातात. कीर्ती वाढत होती. ओट्याशी, परातीत पीठ मळलेल्या हातांनी, त्याची बायको.

"काय चाललंय?" बाळासाहेबाने विचारलं.

"या ना दादा," कीर्ती म्हणाली. "किती दिवसांनी पाय लागले. ताट घेते."

"तुला नाही विचारलं."

संजीवनीने हात धुतले, पदराला पुसले. तीन महिने ती हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत आली होती. त्यातलं एकही आता कामाला आलं नाही.

"तुमचे एकतीस तुमचे नाहीत," ती म्हणाली. "साडेसोळा तुमचे. राहिलेले या एसीचे, त्या ओव्हनचे आणि भाऊजींच्या गाडीच्या चार्जरचे. मीटर एक आहे म्हणून यंत्राला वाटतं आपण श्रीमंत आहोत. मीटर वेगळा झाला की संपलं. तुम्ही सही करून टाकाल म्हणून मी हिच्याकडे आले, आणि ही गप्प राहावी म्हणून रोज येते."

"कोण म्हणतं साडेसोळा?"

"दत्तू भाऊजींना तेवढेच मिळतात. त्याच मशीनवर."

रोहिदासचा घास ताटात परत गेला. "मला यातलं काही माहीत नव्हतं, दादा," तो म्हणाला. हे निम्मं खरं होतं. फुकट भाकरी कुठून येते हे माहीत नसणारा टेंपोमालक तालुक्यात सापडला नसता.

कीर्तीने मात्र वेळ घालवला नाही. फ्रिजच्या दारावरून फॉर्म काढला, पेन वर ठेवलं आणि बाळासाहेबापुढे धरला. "मग टाका सही. तुम्हीच गल्लीभर सांगत होता ना, कुणाच्या वायरवर जगायचं नाही म्हणून?"

संजीवनीने डोळे मिटले.

बाळासाहेबाने फॉर्म घेतला. नव्या सुट्या भागाचं ड्रॉइंग हातात आलं की तो जसं वाचे तसं त्याने वाचलं, आधी वरून खाली, मग पाठ उलटून. नियम, अटी, जोडपत्रं. एवढ्या वेळात भाकरी तव्यावर करपली आणि कुणी ती उचलली नाही.

"माझी सही नसेल तर?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"मीटर वेगळा होतो का माझ्या सहीशिवाय? रोहिदास, तू सांग."

"नाही होत," रोहिदास म्हणाला.

"मग ही तीन महिने इथं भाकऱ्या कशाबद्दल थापतेय?"

कीर्तीच्या हातात काही नव्हतंच कधी. होतं ते सगळं खालच्या घरात होतं. फक्त नवऱ्याला एक आकडा सांगायचा होता. तो सांगण्यापेक्षा संजीवनीला जावेची भांडी घासणं सोपं वाटलं होतं.

बाळासाहेबाने फॉर्मची चौघडी केली आणि वरच्या खिशात घातली. पेन कीर्तीला परत दिलं.

"एसी कितीवर लावतोस?" त्याने भावाला विचारलं.

"आं? सत्तावीस."

"चोवीसवर लाव."

"दादा, बिल केवढं येईल!"

"वरचं बिल वर, खालचं खाली. तसंच ठरलंय. आणि पळायचं यंत्र धूळ खात पडलंय ते. पळत जा जरा. पोट सुटलंय."

"हे बघा," कीर्तीचा आवाज चढला, "आमच्या घरात आम्ही काय लावायचं ते तुम्ही नाही सांगायचं. मी आजपासून सगळं बंद करून बसेन!"

"बस की. केक कशावर भाजशील?"

रागापोटी बाई जूनच्या उकाड्यात एसीशिवाय बसेलही एखादा दिवस. पण शनिवारच्या चौदा ऑर्डरी असताना ओव्हन बंद ठेवणार नाही.

जिना उतरताना बाळासाहेब पुढे होता. मधल्या पायरीवर तो मागे न बघता म्हणाला, "दत्तूला सांगितलंस यातलं काही?"

"नाही."

"सांगूही नकोस."

संजीवनी तिथेच थांबली. तो ओरडेल, खचेल, सही करेल, सगळे आकडे तिने धरून ठेवले होते. हा धरला नव्हता. त्याने दाराचं कुलूप उघडलं, आत गेला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "वाढ."

त्या दिवसापासून तो दत्तूबरोबर डबा खायचा बंद झाला. पोट बिघडतं म्हणे.

घरात तो कमी बोलू लागला. रोज सकाळी साडेपाचला, इस्त्रीचा शर्ट घालून, पाळीला निघण्याआधी अंगणात जिन्याखाली उभा राही आणि मान वर करून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडे.

"रोहिदास! गिझर लावला का?"

"लावलाय!"

"दोन्ही?"

"दोन्ही, दोन्ही!"

दोन-तीन आठवडे हे ऐकल्यावर इंगळेकाकू भिंतीपाशी आल्या. संजीवनी कपडे वाळत घालत होती.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. "सहा वर्षांनी भाऊ भावाची विचारपूस करायला लागला. शेवटी रक्त ते रक्तच. उगाच का म्हणतात!"

वर कुणीतरी पातेलं ओट्यावर जोरात आपटलं.

"हो ना," संजीवनी म्हणाली आणि नवऱ्याचा शर्ट झटकून दोरीवर टाकला.